बोलायला समोर कुणी तरी हवं



जपानी माणसाला इंग्रजी बोलता येत नाही, हा अमेरिकेतल्या ऑफिसांमधला एक जुना चेष्टेचा विषय आहे. जपानहून पाहुणे इंजिनिअर येतात, मीटिंगमध्ये दोन तास मान डोलावतात, आणि सगळं आटोपल्यावर त्याच विषयावर मुद्देसूद, व्याकरणशुद्ध ई-मेल पाठवतात. मग कॉफी पिताना त्यांची नक्कल होते. आपली देशी मंडळी त्या हशात पुढे असतात, कारण "आपलं बरं, आपल्याला इंग्रजी येतं" हे समाधान त्यात असतं. मला हा हशा खटकतो. एक तर तो असभ्य आहे. दुसरं म्हणजे ज्यांना आपण हसतो तशीच माणसं आपल्या घरात, आपल्या गावच्या शाळेत आणि आपल्या रविवारच्या मराठी शाळेत बसलेली आहेत. हे आपल्या ध्यानात आलं तर दोन-तीन गोष्टी आपण वेगळ्या करू, असं मला वाटतं. म्हणून हा लेखनप्रपंच.

आधी जपानची हकीकत. तिथलं मूल माध्यमिक शाळेत तीन आणि उच्च माध्यमिक शाळेत तीन अशी निदान सहा वर्षं इंग्रजी शिकत आलेलं आहे. कॉलेजात गेलं तर आणखी. २०११ पासून पाचवी-सहावीला इंग्रजीचे तास सक्तीचे झाले. २०२० पासून ते तास तिसरीपर्यंत खाली आले, आणि पाचवी-सहावीला इंग्रजी हा रीतसर विषय झाला. १९८७ पासून 'जेट' नावाच्या योजनेखाली सरकार इंग्रजी बोलणारे तरुण परदेशातून आणून शाळांमध्ये नेमत आलं आहे. खासगी संभाषणवर्गांचा तर तिथे मोठा धंदा आहे. त्यातली 'नोव्हा' ही सर्वांत मोठी साखळी २००७ साली बुडाली, तेव्हा असंख्य विद्यार्थ्यांचे आगाऊ भरलेले पैसे अडकले. म्हणजे वर्षं कमी नाहीत, पैसा कमी नाही, हौसही कमी नाही. तरी बोलायची वेळ आली की माणूस गप्प.

याची तीन कारणं नेहमी सांगितली जातात: व्याकरण, उच्चार आणि स्वभाव.

व्याकरणाचं म्हणणं असं, की जपानी वाक्य इंग्रजीच्या उलटं चालतं. खरं आहे. पण ते कुणासारखं चालतं, हे पाहिलंत का? 'वाताशी वा रिंगो ओ ताबेरु' म्हणजे 'मी सफरचंद खातो'. आधी मी, मग सफरचंद, शेवटी खाणं. आपल्यासारखंच क्रियापद शेवटी. आपण 'टोकियोला', 'टोकियोहून' म्हणतो, तसं त्यांचं 'तोक्यो-नी', 'तोक्यो-कारा'. वाक्याची उलटापालट हेच कारण असतं तर मराठी माणूसही जन्मभर अडखळला असता. भाषांमधलं अंतर खोटं नाही. अमेरिकन परराष्ट्र खात्याच्या भाषाशाळेत जपानी सर्वांत अवघड गटात मोडते आणि तिच्यासाठी २२०० तासांचं शिक्षण धरलेलं असतं, स्पॅनिशच्या तिपटीच्या आसपास. पण अंतरामुळे भाषा उशिरा येईल. लिहिता-वाचता उत्तम येतं आणि बोलता मात्र येत नाही, याचा उलगडा अंतराने होत नाही.

उच्चाराचं म्हणाल तर जपानीत र आणि ल हा भेद नाही, आणि शब्द बहुधा स्वराने संपतात, म्हणून 'मिल्क'चं 'मिरुकु' होतं. पण उच्चार वेगळा असणं आणि बोलताच न येणं या दोन वेगळ्या गोष्टी झाल्या. आपल्या तोंडात व्ही आणि डब्ल्यू या दोन्हींसाठी एकच 'व' आहे, आणि तरी आपण अर्धा अर्धा तास प्रेझेंटेशन देतो.

उरला स्वभाव. जपानी माणूस लाजाळू, चुकायला घाबरणारा, असं म्हणतात. याला अमेरिकेच्याच इतिहासात चोख उत्तर आहे. १८८५ पासून हवाईच्या उसाच्या मळ्यांवर आणि पुढे कॅलिफोर्नियात हजारो जपानी मजूर आले. त्यांची इथे जन्मलेली मुलं, म्हणजे 'निसेई', एका पिढीत अस्खलित अमेरिकन इंग्रजी बोलू लागली. रक्त तेच, घरातले संस्कार तेच. लाजाळूपणा कुठे गेला?

पण या गोष्टीचा उत्तरार्ध आपल्यासाठी जास्त महत्त्वाचा आहे. या मुलांना आईबापांची भाषा यावी म्हणून जपानी समाजाने जागोजाग जपानी शाळा काढल्या. सरकारी शाळा सुटली की मुलं तिथे जात. हवाईच्या सरकारने या शाळांवर निर्बंध घातले, तेव्हा लोक कोर्टात गेले आणि १९२७ साली सुप्रीम कोर्टात जिंकले. एवढा जीव त्या शाळांवर होता. पुढे नोव्हेंबर १९४१ मध्ये अमेरिकन सैन्याने दुभाषे तयार करण्यासाठी सॅन फ्रान्सिस्कोला एक गुप्त भाषाशाळा काढली आणि निसेई जवानांच्या जपानीची चाचणी घेतली. वर्षानुवर्षं जपानी शाळेत गेलेल्या बहुतेकांचं जपानी घरापुरतं, जेवणाखाणापुरतं निघालं. कामाचं जपानी येत होतं ते मुख्यतः ज्यांचं काही शिक्षण जपानमध्ये राहून झालं होतं त्यांना. त्यांना 'किबेई' म्हणत.

म्हणजे जपानमधलं मूल वर्षानुवर्षं इंग्रजी शिकून इंग्रजीत अडतं, आणि अमेरिकेतलं जपानी मूल वर्षानुवर्षं जपानी शिकून जपानीत अडतं. माणसं एकाच वंशाची, एकाच वळणाची. तेव्हा दोष माणसांत नाही. आपलीच मुलं पाहा. हायस्कूलमध्ये तीन-तीन, चार-चार वर्षं स्पॅनिश घेतात, 'ए' मिळवतात, आणि मेक्सिकन रेस्टॉरंटमध्ये इंग्रजीत ऑर्डर देतात. अमेरिकन मुलं जात्याच लाजरी, असं त्यांच्याबद्दल कुणी म्हणत नाही.

माझ्या मते कारण साधं आहे. भाषेविषयी शिकणं वेगळं आणि भाषेत बोलणं वेगळं. पहिल्याला पुस्तक आणि परीक्षा पुरते. दुसऱ्याला समोर एक माणूस लागतो, आणि त्या माणसाला आपल्या उत्तराची खरोखर गरज असावी लागते.

शाळेच्या वर्गात असा माणूस किती वेळ मिळतो, याचा हिशेब करू. मी सातारा जिल्ह्यातल्या मराठी शाळेत शिकले. वर्गात साठ मुली, तास पस्तीस मिनिटांचा. त्यातली पंचवीस मिनिटं बाईच बोलत, असं धरा. उरली दहा. ती साठजणींत वाटली तर प्रत्येकीला दहा सेकंद. वर्षाचे दोनशे दिवस शाळा भरली तर वर्षाला तेहतीस मिनिटं. पाचवी ते दहावी या सहा वर्षांत तीन तास वीस मिनिटं. तेही प्रत्येक मिनिट न चुकता वाटून मिळालं तर. प्रत्यक्षात ती दहा सेकंदंही 'येस बाई' आणि 'प्रेझेंट बाई' यांत जायची. तीन तासांत कुणाला सायकल तरी येते का?

उरलेल्या वेळात आम्ही काय करत होतो? ॲक्टिव्हचं पॅसिव्ह, डायरेक्टचं इनडायरेक्ट, आणि भाषांतर. तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेवर आपल्याकडे पिढ्यान् पिढ्या पोसल्या. युरोपात लॅटिन ज्या पद्धतीने शिकवत, तीच ही पद्धत. लॅटिन बोलणारं कुणी उरलंच नव्हतं, त्यामुळे तिथे ती चालून गेली. जपानमध्ये तिला 'याकुदोकु' म्हणतात: वाक्यातला एकेक शब्द जपानीत आणायचा, जपानी क्रमाने लावायचा आणि अर्थ वाचायचा. जुने जपानी विद्वान चिनी ग्रंथ असेच वाचत. चिनी बोलण्याची त्यांना गरजच नव्हती. ही पद्धत वाईट होती असं मी म्हणणार नाही. तिने आपल्याला जगातले ग्रंथ वाचायला दिले. फक्त तिच्याकडून बोलण्याची अपेक्षा करू नये.

आणि शाळेत जे परीक्षेत असतं तेच शिकवलं जातं. २०१९ हे साल या बाबतीत लक्षात ठेवण्यासारखं आहे. जपानने विद्यापीठ प्रवेशासाठी बोलण्याचीही परीक्षा आणायचं ठरवलं होतं, खासगी संस्थांच्या चाचण्यांमार्फत. फी परवडणार नाही, परीक्षा केंद्रं खेड्यातल्या मुलांना दूर पडतील, असा ओरडा झाला. तो रास्तच होता. नोव्हेंबर २०१९ मध्ये योजना पुढे ढकलली आणि २०२१ मध्ये सोडून दिली. त्याच २०१९ च्या मार्चमध्ये महाराष्ट्रात दहावीच्या भाषा विषयांचे तोंडी परीक्षेचे वीस गुण काढून टाकले होते. ते गुण शाळा खिरापतीसारखे वाटतात, असा आक्षेप होता. निकाल आदल्या वर्षीच्या ८९.४१ टक्क्यांवरून ७७.१० टक्क्यांवर आला, पालक हवालदिल झाले, आणि पुढच्या वर्षापासून ते गुण परत आले. ते असावेत की नसावेत, यावर खूप वाद झाला. त्या वीस गुणांसाठी मूल कुणाशी काय बोलतं, यावर फारसं कुणी बोललं नाही.

आपल्या पिढीला हे सांगायलाच नको. २००५ मध्ये इंटरनेटवरची टोफेल आली तेव्हा कुठे त्या मुख्य परीक्षेत बोलण्याचा भाग आला. त्याआधी आलेले आपण सगळे सहाशेच्या वर गुण मिळवून आलो, इंग्रजीत एक वाक्यही मोठ्याने न उच्चारता. विमानतळावर पहिला प्रश्न कानावर पडला तेव्हा आपली अवस्था त्या जपानी इंजिनिअरहून वेगळी नव्हती. मग आपण बोलायला कसे लागलो? कुणाला तामिळ रूममेट मिळाला, ज्याच्याशी दुधाच्या पैशांवरून भांडायचं तर इंग्रजीतच. कुणाला लॅबमध्ये अमेरिकन पोरांना शिकवावं लागलं. ती पोरं 'काय म्हणालात?' असं पुन्हा पुन्हा विचारायची. रोज समोर कुणी तरी उत्तराची वाट पाहत होतं.

पण हे सगळ्यांना मिळालं नाही, आणि ही गोष्ट आपल्या गप्पांत येत नाही. मी १९९४ साली एच-४ व्हिसावर आले. नवरा आणि मी शेजारशेजारच्या गावांतले, दोघांच्या शाळा मराठी, दोघं एकाच विद्यापीठाचे एम.एस्सी. इंग्रजीत मार्क माझे जास्त. दोन वर्षांत त्याची जीभ सुटली. माझी होती तिथेच राहिली, कारण कायद्याने मला नोकरी करायची परवानगी नव्हती आणि अपार्टमेंटच्या भिंती काही विचारत नाहीत. एच-४ वरच्या काही जणांना काम करण्याची मुभा मिळाली ती २०१५ साली. तोवर आमच्यासारख्या हजारो शिकलेल्या बायका घरी बसून 'हिला इंग्रजी बोलायचा कॉन्फिडन्स नाही' असं ऐकत होत्या. कॉन्फिडन्स हा काही अंगात उपजत असणारा पदार्थ नाही. तो व्हिसाच्या प्रकारावरही अवलंबून असतो.

माझी सुटका केली ती सार्वजनिक वाचनालयाने. इथल्या अनेक वाचनालयांत परदेशी लोकांसाठी फुकट संभाषण गट चालतात. आमचा गट मंगळवारी सकाळी भरे. कोरियाची एक, कोलंबियाच्या दोघी, पोलंडची एक, मी, आणि दहा वर्षं इंग्रजी शिकून आलेली एक जपानी बाई. गट चालवणारी निवृत्त शिक्षिका होती. तिला आमच्या चुका ऐकू येत नव्हत्या असं नव्हे. पण माझ्या सासूबाईंच्या गोष्टीत पुढे काय झालं, हे तिला खरोखर ऐकायचं असे. जपानी बाई पहिले दोन महिने फक्त हसायची. उन्हाळा आला तोवर ती आपल्या आईच्या आजारपणाविषयी वीस मिनिटं सलग बोलली. काळ, वचन सगळं चुकत होतं. एकीनेही टोकलं नाही. तिचा स्वभाव दोन महिन्यांत बदलला नव्हता, व्याकरणही तेच होतं. तिला ऐकणारं माणूस तेवढं मिळालं होतं.

इथे कुणी म्हणेल, जपानी लोकांचं इंग्रजीवाचून काय अडलं? मुद्दा बरोबर आहे, आणि आपल्याला विचार करायला लावणारा आहे. २००८ चं पदार्थविज्ञानाचं नोबेल मिळालेले तोशिहिदे मास्कावा स्टॉकहोमला गेले आणि आपलं भाषण जपानीत केलं. त्याआधी त्यांनी परदेश प्रवासही केला नव्हता. ज्या देशात भौतिकशास्त्रापासून वैद्यकापर्यंत सगळं स्वतःच्या भाषेत शिकता येतं, त्या देशाच्या मुलाला इंग्रजी बोलायची रोजची निकड नाही. न बोलण्याचं ते एक मोठं कारण आहे, आणि त्याचा हेवा वाटावा असंच ते आहे. आपलं तसं नाही. महाराष्ट्रात डॉक्टर व्हायचं, हायकोर्टात वकिली करायची, कंपनीत बढती घ्यायची, तर इंग्रजी लागतं. जपानी मुलाला इंग्रजी बोलता आलं नाही तर परदेशवारी अवघड जाते. आपल्याकडच्या मुलीला आलं नाही तर मुलाखतीच्या खोलीतूनच ती परत येते.

सावित्रीबाई फुल्यांनी १८५४ च्या 'काव्यफुले'मध्ये इंग्रजी शिकण्याचा आग्रह धरला, तो शूद्रातिशूद्रांना ज्ञानाचं दार उघडावं म्हणून. इतक्या वर्षांनी ते दार निम्मंच उघडलं आहे. पहिल्या पिढीची शिकणारी मुलगी आज इंग्रजी पुस्तक वाचून पदवी घेते. पण तिच्या घरात, वस्तीत, कॉलेजात इंग्रजीत तिच्याशी बोलणारं कुणी नसतं, आणि ज्याच्या घरी ते असतं तो मुलाखतीत 'स्मार्ट' ठरतो. परीक्षा गुणवत्तेची नसते, शेजाराची असते.

यावर सरकारचं उत्तर ठरलेलं: लवकर सुरू करा. स्वातंत्र्यानंतर बाळासाहेब खेरांच्या सरकारने इंग्रजी आठवीपासून ठेवलं. पुढे ते पाचवीवर आलं. २००० साली रामकृष्ण मोरे शिक्षणमंत्री असताना पहिलीपासून आलं. २०२५ मध्ये तर पहिलीपासून हिंदीही आणायचा निर्णय निघाला, मोठा विरोध झाला, आणि जूनअखेर दोन्ही शासन निर्णय मागे घेतले गेले. तो विरोध योग्यच होता. पण प्रत्येक वेळी वाद झाला तो कोणत्या इयत्तेपासून यावर. दहा सेकंदांना दहा वर्षांनी गुणलं काय आणि सहा वर्षांनी गुणलं काय, बोलणं येणार नाही. पालकांनी शोधलेलं उत्तर म्हणजे इंग्रजी माध्यम. गल्लीतल्या त्या शाळेत बाईच पुस्तक वाचून दाखवतात आणि मराठीत अर्थ सांगतात. मुलाला इंग्रजी बोलता येत नाही, आणि मराठी नीट लिहिता येत नाही.

आता आपल्या रविवारच्या शाळेकडे वळते. बारा वर्षं मी तिथे शिकवते आहे. बृहन्महाराष्ट्र मंडळाच्या अभ्यासक्रमामुळे या शाळांना एक शिस्त आली आहे. मुलं धडा वाचतात, बाराखडी लिहितात, एकवचन-अनेकवचन सांगतात, आणि तास संपला की दाराबाहेर पाऊल टाकायच्या आत इंग्रजीत बोलू लागतात. घरी आई मराठीत विचारते, मूल इंग्रजीत उत्तर देतं, आणि संभाषण व्यवस्थित पार पडतं. आपण म्हणतो, "त्याला सगळं समजतं हो, फक्त बोलत नाही." हे वाक्य मी निदान शंभर घरांत ऐकलं आहे. जपानी इंजिनिअरविषयी ऑफिसात बोललं जातं ते हेच.

कॅनडात याचा अभ्यास झालेला आहे. तिथे क्वेबेकमध्ये १९६५ पासून इंग्रजी घरांतल्या मुलांना फ्रेंचमधून शाळा शिकवण्याचा प्रयोग सुरू झाला. मुलांना फ्रेंच उत्तम समजू लागलं, पण बोलणं मात्र मागे राहिलं. टोरोंटोच्या मेरिल स्वेन यांनी १९८५ साली याचं कारण मांडलं. नुसतं ऐकून भागत नाही. आपलं म्हणणं समोरच्याला कळावं म्हणून धडपडावं लागतं. ती धडपड मुलांना करावीच लागत नव्हती. आपल्या मुलांनाही लागत नाही, कारण आईला इंग्रजी कळतं हे त्यांना पक्कं ठाऊक असतं. आमच्या शाळेत खरोखर मराठी बोलणारी मुलं मोजकी आहेत, आणि त्यांतल्या बहुतेकांच्या घरी इंग्रजी न येणारी आजी आहे. आजीला रिमोट कुठे आहे हे मराठीतच सांगावं लागतं.

आणि जे मूल बोलायचा प्रयत्न करतं त्याचं आपण काय करतो? ते म्हणतं, "आजी आला." सगळी दिवाणखान्यातली मंडळी हसतात. "सो क्यूट!" कुणी तरी ते वाक्य पुन्हा म्हणायला लावून फोनवर रेकॉर्ड करतं. पुढच्या वेळी ते मूल इंग्रजीत बोलतं. विदर्भातल्या घरातलं मूल "मी जेवून राहिलो" म्हणालं, तर ते 'अशुद्ध' म्हणून शिक्षकच दुरुस्त करतात. ते त्याच्या आईचं मराठी आहे, त्यात दुरुस्त करण्याजोगं काही नाही. गावाकडच्या वर्गात 'आय इज' म्हणणाऱ्या पोराला हसणारे, ऑफिसात जपान्याला हसणारे आणि इथे आपल्या नातवाला हसणारे यांच्या हेतूंत फरक असेल. ऐकणाऱ्याच्या जिभेवर परिणाम एकच होतो.

मग करायचं काय? उपाय नवा नाही आणि परदेशातून आणायची गरजही नाही. १९७९ ते १९८४ या काळात एन. एस. प्रभू यांनी बंगळूर-मद्रास भागातल्या साध्या शाळांमध्ये एक प्रयोग केला. व्याकरणाचे धडे बाजूला ठेवले, आणि मुलांना इंग्रजीतून कामं दिली: रेल्वेचं वेळापत्रक बघून कोणती गाडी पकडायची ते ठरवा, नकाशावरून वाट शोधा. लक्ष गाडीकडे राहिलं आणि भाषा मागोमाग आली. मोठे वर्ग, फळा आणि खडू एवढ्यावर हे झालं.

यावरून माझी पहिली सूचना. गावच्या शाळेला देणगी देताना आपण संगणक देतो, इंग्रजी पुस्तकांची कपाटं देतो, भिंतीवर नाव लावून घेतो. जरूर द्या. पण इंग्रजीसाठी द्यायचं असेल तर माणसांसाठी द्या: शिक्षिकांना आपसात इंग्रजीत बोलायला मिळेल अशा शिबिरांसाठी, किंवा शाळेनंतर दहा-दहा मुलांचे गट घेणाऱ्या स्थानिक पदवीधर मुलींच्या मानधनासाठी.

दुसरी सूचना, जिच्यासाठी मी हे सगळं लिहिलं. आपल्या रविवारच्या शाळेतल्या मुलाला मराठीत बोलायला समवयस्क हवा आहे. जिल्हा परिषदेच्या शाळेतल्या मुलाला इंग्रजीत बोलायला समवयस्क हवा आहे. दोघांची गाठ घालून द्या. न्यू जर्सीत शनिवारी सकाळी नऊ वाजता तिकडे संध्याकाळचे साडेसहा वाजलेले असतात, हिवाळ्यात साडेसात. पंधरा मिनिटं मराठीत, पंधरा मिनिटं इंग्रजीत. दोघांना मिळून एक काम द्या: तुझ्या गावचा बाजार मला समजावून सांग, मी तुला बेसबॉल समजावते. पहिल्या पंधरा मिनिटांत आपलं मूल अडखळेल, दुसऱ्या पंधरात तिकडचं. कुणी कुणावर उपकार करत नाही, आणि कुणी कुणाला हसू शकत नाही, कारण पाच मिनिटांनी पाळी आपलीच असते. मोठ्यांनी त्या खोलीत बसू नये, आणि बसलेच तर चुका काढू नयेत.

याला अभ्यासक्रम लागत नाही, समिती लागत नाही. शाळेत चालणारा एक फोन लागतो, आणि दोन्हीकडे हे सांभाळणारं एकेक माणूस. आमच्या शाळेतून मी आठ मुलांची नावं घेतली आहेत. तुमच्या ओळखीत सातारा, बीड, गडचिरोली, कुठलीही शाळा असेल जिथले मास्तर किंवा बाई यासाठी तयार होतील, तर कळवा. आणि हा सगळा विचारच चुकीचा वाटत असेल तर तेही कळवा. फक्त कृपा करून मराठीत कळवा. शुद्धलेखनाची चिंता नको.